तोंड एकीकडे, चाल दुसरीकडे

१६९०, देवनामपट्टिनम

तोफेला बत्ती देणारा गडी एकदा मागे वळून बघतो आणि हाताने खुणावतो : लांब व्हा. तुम्ही कान झाकता. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला ताडांची रांग आणि भातखाचरं, मध्ये गढीचा तट, आणि तटावर रानाकडे रोखलेली पितळी तोफ. शेजारी उभा असलेला मावळा राजाराम महाराजांच्या मागोमाग जिंजीला आलेला आहे. "गाव कंचं?" तो विचारतो. तुम्ही वारजं सांगता आणि त्याचा चेहरा उजळतो. मुठेला पाणी किती आहे, सिंहगडाची वाट कशी आहे, सगळं तो एका दमात विचारून घेतो.

मराठ्यांनी ही समुद्रकाठची गढी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला विकली आहे आणि सौद्यात एक विलक्षण कलम आहे. गढीबरोबर भोवतालची जमीनही कंपनीला मिळणार. पण ती किती, हे तोफ ठरवणार. वेगवेगळ्या दिशांना गोळे डागायचे आणि गोळा पडेल तिथवरची गावं इंग्रजांच्या हद्दीत. पुढे इथले तमिळ लोक या गावांना तोफगोळ्यांची गावं म्हणत राहतील, आणि या गढीचं नाव पडेल फोर्ट सेंट डेव्हिड.

बार होतो. गोळा रानावरून जाताना दिसेनासा होतो आणि लांबवर धूळ उठते. मावळा मान हलवतो. दारू तेवढीच, नेम तोच, तरी गोळा कधी उजवीकडे ओढतो, कधी डावीकडे, हे त्याने आयुष्यभर पाहिलं आहे. "गोळ्याच्या मनात येईल तिकडं जातंय ते," तो म्हणतो.

तुम्ही वारज्याहून निघालात ते नेमकी हीच तक्रार घेऊन. तुमची तक्रार तोफेच्या गोळ्याची नाही, गोल्फच्या चेंडूची आहे. समोर सरळ मारलेला चेंडू निम्म्या वाटेत उजवीकडे वळतो आणि झुडपात जातो. तुम्ही आणखी डावीकडे झोका घेता, तर तो आणखी उजवीकडे जातो. चेंडूला मन नसतं हे तुम्हाला ठाऊक आहे. मग तो कुणाचं ऐकतो? याचं उत्तर मिळायला माणसाला तीनशे वर्षं लागली. ती वर्षं तुम्हाला आता पायी चालायची आहेत.

१७४७, लंडन

बेंजामिन रॉबिन्सच्या खोलीत छताला एक लाकडी गोळा टांगलेला आहे, दोन दोऱ्यांवर. "दोऱ्यांना पीळ द्या," तो सांगतो. तुम्ही गोळा गरागरा फिरवून दोऱ्या पिळता, गोळा मागे ओढता आणि सोडता. पहिला झोका सरळ जातो. मग पीळ उलगडायला लागतो, गोळा स्वतःभोवती फिरायला लागतो, आणि त्याची वाट एका बाजूला झुकू लागते. पीळ उलट दिशेने द्या, गोळा दुसऱ्या बाजूला झुकतो. खोलीत वारा नाही. कुणी हात लावलेला नाही.

मग तो तुम्हाला मोकळ्या मैदानावर नेतो. तिथे एक बंदुकीची नळी पक्की बसवलेली आहे, पण तिचं टोक त्याने मुद्दाम किंचित डावीकडे वाकवलं आहे. पुढे ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे उभे केले आहेत आणि शेवटी भिंत. "गोळी कुठे लागेल?" तो विचारतो. टोक डावीकडे वाकलंय, म्हणजे डावीकडे, असं तुम्ही म्हणता. जवळच्या पडद्यावरचं भोक खरंच डावीकडे असतं. पुढे मात्र गोळी वळत वळत सरळ रेषा ओलांडते आणि भिंतीवर उजवीकडे आदळते.

तुम्ही ही वाट ओळखता. सुरुवात डावीकडे, शेवट उजवीकडे : हाच तुमचा उजवीकडे वळणारा फटका, गोल्फच्या भाषेत स्लाइस.

रॉबिन्सचं स्पष्टीकरण साधं आहे. नळी डावीकडे वाकली, म्हणून गोळी उजव्या भिंतीला घासत बाहेर पडली आणि त्या घर्षणाने तिला गिरकी मिळाली. वरून पाहिलं तर गिरकी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आहे. गिरकी घेणारा चेंडू आपल्या पृष्ठभागालगतची हवा सोबत ओढतो. त्यामुळे त्याच्या मागे सुटणारी हवा इथे डावीकडे फेकली जाते आणि त्याच्या उलट, उजवीकडे, चेंडू ढकलला जातो. न्यूटनने १६७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात, तिरप्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वळताना आपण पाहिला असल्याचं ओघात लिहून ठेवलं होतं. रॉबिन्सने ती गोष्ट हातात धरून तपासली.

इथे थोडं थांबा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. गोळी कुठे निघते हे एका गोष्टीने ठरलं आणि ती कुठे वळते हे दुसऱ्या. निघणं आणि वळणं यांची कारणं वेगळी आहेत. जो खेळाडू फक्त चेंडू कुठे पडला एवढंच बघतो, तो ही दोन्ही कारणं एकात कालवतो आणि मग त्याला काहीच दुरुस्त करता येत नाही.

रॉबिन्सचं सहज मान्य झालं नाही. थोर गणिती लिओनहार्ड ऑयलर याने १७४५ मध्ये त्याच्या तोफशास्त्रावरच्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर केलं, लांबलचक टिपाही जोडल्या. पण गिरकीमुळे गोळा वळतो हे त्याला पटलं नाही. गोळा नीट गोल नसेल, एवढंच तो म्हणाला. शंभर वर्षांनी बर्लिनच्या हाइनरिख माग्नुस याने १८५२ च्या सुमारास पुन्हा प्रयोग केले आणि आज जग याला माग्नुस परिणाम म्हणतं. रॉबिन्स मात्र कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि २९ जुलै १७५१ रोजी वारला. कुठे? फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये. ज्या गढीची हद्द गोळ्यांनी आखली, तिथेच गोळ्याची वाट समजावून सांगणारा माणूस संपला.

१८४२, मुंबई

एस्प्लनेडवर खारा वारा सुटला आहे. कोटाच्या बाहेरचं हे मोठं मोकळं मैदान. आज जिथे आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल आहे तो पट्टा. यंदाच मुंबईत गोल्फचा क्लब सुरू झाला आहे. त्याआधीचा या देशातला क्लब कलकत्त्याचा, १८२९ चा. मैदानावर मोजके साहेब, त्यांच्या लांब चोचीच्या लाकडी काठ्या, आणि चेंडूवर डोळा ठेवून धावणारी पोरं.

चेंडू हातात घ्या. कातड्याच्या तीन-चार तुकड्यांची शिवलेली पिशवी, आत उकडलेली पिसं ठासून भरलेली. वाळताना कातडं आक्रसतं, पिसं फुगतात आणि चेंडू टणक होतो. एक कारागीर दिवसभरात मोजकेच चेंडू करू शकतो, म्हणून किंमत भारी. पावसात भिजला की जड होतो, शिवण उसवते. मुंबईच्या जुलै महिन्यात या चेंडूचं काय होईल हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

याच दशकात पिसांचा चेंडू हद्दपार व्हायला सुरुवात होते, आणि त्याची कथा आपल्या बाजूने जाते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला पॅटरसन नावाच्या कुटुंबात पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली. प्रवासात फुटू नये म्हणून ती गट्टापर्चा या मलायी झाडाच्या चिकाच्या तुकड्यांत बांधलेली होती. घरातल्या मुलाने तो चीक गरम पाण्यात मऊ करून त्याचा चेंडू वळला, अशी ही कथा गोल्फच्या इतिहासात सांगितली जाते. कथेचा तपशील काहीही असो, १८४८ पर्यंत गट्टापर्चाचे चेंडू बाजारात आले. स्वस्त, पावसाला न भिणारे, अगदी गुळगुळीत.

आणि नवे कोरे गुळगुळीत चेंडू नीट उडेनात. थोडं उडाले की खाली कोसळत. खेळून खेळून ओरखडे पडलेले जुने चेंडू मात्र लांब जात. कॅडींनी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणाऱ्या पोरांनी, हे आधी पाहिलं असणार, कारण जुने चेंडू त्यांच्याच वाट्याला येत. मग कारागीर नव्या चेंडूवर हातोडीने मुद्दाम खाचा पाडू लागले. कारण कळायला बराच काळ जायचा होता : खडबडीत पृष्ठभागालगत हवेचा पातळ थर खळबळतो, चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो, मागे उरणारी भोवऱ्यांची शेपूट अरुंद होते आणि हवेचा अडसर निम्म्याच्या आसपास येतो. १९०५ मध्ये विल्यम टेलर या इंग्रजाने चेंडूवर खळग्या पाडण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. आजच्या चेंडूवर साधारण तीनशे ते पाचशे खळग्या असतात. त्या नुसत्या अंतर वाढवत नाहीत. गिरकीला हवेवर पकड देतात. गिरकी योग्य असेल तर चेंडू तरंगतो, चुकीची असेल तर तितक्याच जोमाने वळतो.

१८९३, सेंट अँड्र्यूज

जानेवारी महिना. जमीन गोठून दगड झाली आहे, बोटं बधिर आहेत. फ्रेडी टेट नावाचा विशीतला तरुण ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, उचलतो आणि चेंडू मारतो. चेंडू हवेतच सुमारे अडीचशे यार्ड जातो आणि गोठलेल्या जमिनीवर उड्या घेत ३४१ यार्डांवर थांबतो. गट्टापर्चाच्या चेंडूने, लाकडी काठीने.

त्याचे वडील पीटर गथ्री टेट हे एडिंबरा विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. रात्रीसुद्धा खेळता यावं म्हणून चेंडूंना फॉस्फरस लावून पाहणारा हा माणूस. वडिलांनी गणिताने काढलेली कमाल मर्यादा मुलाने एका फटक्यात मोडली, असं गोल्फवाले आजही रंगवून सांगतात. खरी गोष्ट त्याहून सुंदर आहे. साध्या प्रक्षेपणाच्या हिशेबाने चेंडू इतका वेळ हवेत राहूच शकत नाही, हे टेटच्या आधीच ध्यानात आलं होतं. काहीतरी त्याला वर उचलून धरत होतं, आणि ते काय, याच्या मागे तो लागला होता.

त्याच्या प्रयोगशाळेत चला. चेंडूला एक लांब सपाट फीत चिकटवली आहे. फीत सरळ अंथरायची, चेंडू मारायचा आणि तो समोर टांगलेल्या चिकणमातीच्या लोलकात रुतवायचा. लोलक किती हलला यावरून वेग कळतो. ही युक्ती रॉबिन्सनेच शोधलेली. मग फितीला किती पीळ पडले ते मोजायचं. तुम्ही गुडघ्यावर बसून पीळ मोजता. पीळ पडलेले आहेत, आणि चांगलेच. चेंडू मागच्या बाजूला फिरत गेला आहे.

अनेक खेळाडूंप्रमाणे टेटनेही तरुणपणी ऐकलं होतं की गिरकी हा दोष आहे, उत्तम फटका बिनगिरकीचा. आता त्याला उलट दिसत होतं. मागे फिरणारा चेंडू हवा खाली फेकतो आणि स्वतः वर उचलला जातो. ही गिरकी क्लबच्या, म्हणजे काठीच्या, पात्याच्या कलण्यातून येते. पातं ज्या दिशेला बघतं ते त्याचं तोंड, आणि फटक्याच्या वेळी क्लबचं डोकं ज्या दिशेने सरकतं ती त्याची चाल. क्लबचं तोंड आकाशाकडे जितकं वळलेलं आणि चाल जितकी सपाट किंवा खाली, तितकी मागची गिरकी जास्त. तोंड आणि चाल यांच्यातला उभा फरक चेंडूला उचलतो. याच दोहोंतला आडवा फरक चेंडूला वळवतो. दोन्ही एकाच गोष्टीची रूपं आहेत. गोल्फचं अर्धं शास्त्र या वाक्यात मावतं.

फ्रेडी पुढे १८९६ आणि १८९८ मध्ये हौशी खेळाडूंचं ब्रिटिश विजेतेपद मिळवतो. ७ फेब्रुवारी १९०० रोजी तो दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मारला जातो. वडील त्यानंतर फार जगत नाहीत. १९०१ च्या जुलैत तेही जातात. चेंडूच्या उड्डाणावरचं त्या काळातलं सर्वांत खोल काम या घरातून आलं.

१९१०, लंडन; आणि मग नाशिक

रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभागृहात दिवे मंद होतात. इलेक्ट्रॉन शोधल्याबद्दल जगाला ठाऊक असलेला जे. जे. थॉमसन आज गोल्फच्या चेंडूवर बोलतो आहे. काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा प्रकाशमान झोत आहे. तो चुंबकाची जागा बदलतो आणि झोत वळतो : हा स्लाइस, हा डावीकडे जाणारा पुल, ही मागच्या गिरकीची उचल. फिरणाऱ्या चेंडूवरचं बल आणि चुंबकक्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनवरचं बल एकाच धाटणीचं आहे, म्हणून दोघांच्या वाटाही सारख्या. लोक टाळ्या वाजवतात. हवेत चेंडूचं काय होतं हे आता पुरेसं कळलं आहे.

पण हवेत जाण्यापूर्वी, काठी आणि चेंडू भेटतात त्या क्षणी काय होतं? तिथे अजून अंधार आहे. तो बघायला नाशिकला या.

नाशिककर ज्या मैदानाला आजही गोल्फ क्लब म्हणतात, आणि ज्याला आता हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव आहे, तिथून सुरुवात करा. इंग्रजी अमदानीत नाशिक हे पश्चिम भारतातल्या गोल्फचं मोठं ठिकाण होतं. रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब इथलाच. कल्पनेने शंभर वर्षं मागे जा आणि एका कॅडीच्या शेजारी उभे राहा. अनवाणी, खांद्यावर साहेबाची पिशवी.

साहेबापुढे कडुनिंबाचं झाड आहे आणि झेंडा बरोबर त्याच्या मागे. चेंडू झाडाच्या उजवीकडून काढून डावीकडे वळवायचा आहे. त्याने शिकलेला नियम असा : चेंडू झोक्याच्या दिशेने निघतो आणि क्लबचं तोंड बघत असेल तिकडे जाऊन पडतो. म्हणून तो झोका उजवीकडे धरतो आणि तोंड झेंड्याकडे ठेवतो. फटका बसतो. चेंडू थेट निंबाच्या खोडावर.

कॅडी चेंडू आणायला धावतो. त्याला नवल वाटलेलं नाही. तो रोज चेंडूकडे बघतो, साहेब रोज आपल्या झोक्याकडे. नियम चुकीचा आहे. चेंडू प्रामुख्याने क्लबचं तोंड बघत असेल तिकडेच निघतो. झाड चुकवायचं तर तोंडसुद्धा झेंड्याच्या उजवीकडे हवं, आणि झोका त्याहून उजवीकडे. पण हा चुकीचा नियम विसाव्या शतकाचा बराचसा काळ पुस्तकांतून शिकवला जाईल. इंग्लंडमध्ये १९६८ साली कॉक्रन आणि स्टॉब्ज यांचं परिपूर्ण झोक्याच्या शोधावरचं पुस्तक आलं. वेगवान छायाचित्रणासह केलेल्या संशोधनातून भेटीच्या क्षणाचं खरं चित्र त्यात उभं राहिलं, तरी पुढे कैक वर्षं शिकवणी जुनीच चालू राहिली. १९९० च्या दशकात अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गेन्सन याने तोंडाची दिशा आणि चालीची दिशा या दोन रेषांमधून जाणारं प्रतल मांडलं : चेंडू त्या प्रतलात निघतो आणि त्याच्या कलानुसार वळतो. २००३ मध्ये डेन्मार्कमध्ये ट्रॅकमॅन ही कंपनी सुरू झाली. तिच्या रडारने चेंडूची वाट प्रत्यक्ष मोजून दाखवली, तेव्हा वाद संपला.

आज, लवळे

वारज्याहून महामार्गाने चांदणी चौक ओलांडून बावधनकडे वळलात की पलीकडे लवळ्याच्या डोंगरात ऑक्सफर्डचं गोल्फ मैदान आहे. हातात ड्रायव्हर घ्या. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हिशेबाने बोलू; डावखुऱ्यांनी सगळं उलट धरावं.

आता काळ मंद करा. इतका मंद, की अर्धा सहस्रांश सेकंद तुम्हाला फिरून बघता येईल. चेंडू आणि क्लबची भेट त्याहूनही किंचित कमी वेळ टिकते. ताशी १६० किलोमीटरने आलेलं क्लबचं डोकं तेवढ्या वेळात जेमतेम दोन सेंटीमीटर सरकतं. ४६ ग्रॅमच्या आतबाहेरचा चेंडू पात्यावर चपटा होतो, फुगतो आणि सुटतो. तुमच्या तळहाताला ठोका जाणवून तो मेंदूपर्यंत पोचेतो चेंडू पुढे निघून गेलेला असतो. हाताने सावरू म्हणणं व्यर्थ आहे. चेंडूला कळतं ते एवढंच : या दोन सेंटीमीटरांत तोंड कुठे होतं आणि चाल कुठे होती.

समजा झोका बाहेरून आत येतोय, लक्ष्याच्या सहा अंश डावीकडे, आणि तोंड बरोबर लक्ष्याकडे आहे. ड्रायव्हरने चेंडूची सुरुवातीची दिशा साधारण ८५ टक्के तोंड ठरवतं, आयर्नने, म्हणजे लोखंडी पात्याच्या क्लबने, सुमारे ७५ टक्के. म्हणून चेंडू लक्ष्याच्या जेमतेम एक अंश डावीकडे निघतो. पण चाल डावीकडे आणि तोंड तिच्या उजवीकडे उघडं, म्हणून काडेपेटीवर काडी ओढावी तसं पातं चेंडूला आडवं पुसत जातं. गिरकीचा आस उजवीकडे कलतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो.

आता तुमची जुनी युक्ती करून बघा. उजवीकडे जातोय, म्हणून झोका आणखी डावीकडे, दहा अंश. तोंड तिथेच. फरक सहाचा दहा झाला, वळण वाढलं. जे औषध म्हणून घेतलंत त्यानेच दुखणं वाढलं, आणि जगभरातले लाखो हौशी खेळाडू नेमकं हेच करतात. उलट झोका तसाच सहा अंश डावीकडे ठेवून तोंडही चार अंश डावीकडे आणा : फरक दोनच उरतो आणि चेंडू डावीकडे निघून किंचित उजवीकडे येतो. हा फेड, अनेक व्यावसायिकांचा भरवशाचा फटका. तोंडही सहा अंश डावीकडे असेल तर चेंडू सरळ डावीकडे जातो, वळत नाही. तोंड चालीच्याही डावीकडे गेलं की तो डावीकडे वळतो : थोडं वळण म्हणजे ड्रॉ, जास्त म्हणजे हुक.

हीच सहा अंशांची चूक वेजने, म्हणजे जवळच्या फटक्यासाठीच्या जास्त कललेल्या क्लबने, केली तर चेंडू फारसा वळत नाही, आणि यामुळे अनेकजण फसतात. वेज सरळ जातो म्हणून झोका बरोबर आहे असं समजतात. वेजला उभा फरक मोठा असतो, समजा ४५ अंश. ड्रायव्हरला समजा १२. गिरकीचा आस किती कलणार हे आडव्या आणि उभ्या फरकाच्या प्रमाणावर ठरतं. ढोबळ हिशेबाने ड्रायव्हरचा आस सहाला बारा या प्रमाणात सत्तावीसेक अंश कलतो. वेजचा सहाला पंचेचाळीस या प्रमाणात आठच्या आत. झोका तोच, चूक तीच, निकाल वेगळा. आपली चूक ड्रायव्हर उघडी पाडतो आणि वेज झाकतो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. चेंडू पात्याच्या मध्यावर लागला नाही तर हिशेब बिघडतो. ड्रायव्हरच्या टोकाला लागला की डोकं भेटीतच मागे फिरतं आणि चेंडूला डावीकडे वळवणारी गिरकी मिळते. टाचेकडे लागला की उजवीकडची. म्हणून आधी पात्यावरचा डाग बघा, मग झोक्याला दोष द्या.

आणि ही हवा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं उंच आहे, त्यामुळे हवा मुंबईपेक्षा साधारण पाच टक्के विरळ. इथे चेंडू थोडा लांब जातो आणि थोडा कमी वळतो. पावसाळ्यातली दमट हवा जड वाटते, पण तापमान तेच असेल तर ती कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. चेंडू पावसाळ्यात कमी धावतो तो ओल्या जमिनीमुळे.

याच शहरात १९८७ साली अनिर्बान लाहिरी जन्मला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत तो संयुक्त पाचवा आला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या गोल्फमध्ये भारताचे दोघे होते : लाहिरी आणि पुण्याचा उदयन माने. त्यांच्या हातातल्या कौशल्याला नियम वेगळे नाहीत. त्या दोन सेंटीमीटरांत त्यांचा चेंडूही तोंड आणि चाल एवढंच जाणतो.

आज संध्याकाळी, वारजे

गोल्फ महाग आहे. क्लबचं सभासदत्व, मैदानाची फी, रडार, हे सगळं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं. पण तीनशे वर्षांनी मिळालेलं हे ज्ञान फुकट आहे, आणि ते माळवाडीतल्या किंवा रामनगरातल्या पोरापर्यंतही पोचलं पाहिजे. रॉबिन्सकडे रडार नव्हतं. त्याच्याकडे दोन दोऱ्या, कागदाचे पडदे आणि चिकाटी होती.

तेव्हा संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी सतरंजी टाका आणि फोमचा चेंडू घ्या. शेजारी जमिनीवर खडूने दोन रेषा ओढा : एक लक्ष्याकडे जाणारी, दुसरी तिला काटकोनात. क्लबचं तोंड दुसऱ्या रेषेला समांतर ठेवून सावकाश, अर्ध्याच झोक्याने मारा. पात्यावर थोडी पावडर लावा, म्हणजे भेट कुठे झाली ते दिसेल. मोबाइलवर मंद गतीचं चित्रीकरण करा; झोक्याची चाल त्यात दिसेल. भेटीचा क्षण मात्र दिसणार नाही. सेकंदाला २४० चित्रं घेणारा मोबाइलसुद्धा चार सहस्रांश सेकंदाला एक चित्र घेतो, आणि भेट त्याच्या नवव्या भागात उरकते. तो क्षण फक्त चेंडूच सांगू शकतो, म्हणून मैदानावर जाल तेव्हा खरा चेंडू मारून त्याची वाट नीट वाचा.

वाचायचं असं. फटका मारल्यावर चेंडू कुठे पडला हे लगेच बघू नका. आधी स्वतःला विचारा : तो निघाला कुठे? त्यातून तोंड कळेल. मग विचारा : तो वळला कुठे? त्यातून तोंड आणि चाल यांच्यातला फरक कळेल. डावीकडे निघून उजवीकडे वळला, तर चाल तोंडाच्याही डावीकडे आहे. सरळ निघून उजवीकडे वळला, तर तोंड ठीक आहे, चाल सुधारायला हवी. उजवीकडे निघून आणखी उजवीकडे गेला, तर पहिला उपाय तोंडावर करा. पकड तपासा, कारण तोंड बहुधा पकडीतूनच उघडं राहतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि पुन्हा तेच दोन प्रश्न विचारा. गोळ्याच्या मनात काय आहे हे त्या मावळ्याला कुणी सांगू शकलं नव्हतं. तुम्हाला ते प्रत्येक फटक्यानंतर सांगितलं जातं, आणि ऐकायची तयारी असेल तर शिकवायला दुसरा गुरू लागत नाही.